धावणाऱ्यास पाणी कोणी द्यावे?

शिरूर व दौंड ह्या तालुक्यांतून पहाटेच्या वेळी प्रवास करणाऱ्यास हल्ली एक देखावा नित्य दिसतो. रस्त्याच्या कडेने खेड्यांतली तरुण मुले, आणि आता मुलीही, धावत असतात. पोलिस भरतीच्या परीक्षेत पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर अंतर ठराविक वेळात धावावे लागते; त्यासाठी ही तयारी चालते. ह्या धावण्याचे कारण कोणासही समजावून सांगावे लागत नाही. अंगात तारुण्य आहे, घरी नोकरीची जरूर आहे, म्हणून ती धावतात. परंतु वय साठीपुढे गेले आहे, घरात मोठे दुखणे आले आहे, आणि अशा वेळी एखाद्यास धावावे लागले, तर ते पाहणाऱ्या आपणांवर कोणते कर्तव्य येते? हा प्रश्न केवळ कल्पनेचा नाही.

दौंडाहून आगगाडीचा एक फाटा बारामतीस जातो. त्या बारामतीजवळच्या एका खेड्यात लताबाई भगवान करे ह्या शेतमजुरी करून राहत असत. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी पतीसह इकडे आलेल्या. पती भगवानराव आजारी पडले आणि डॉक्टरांनी एम. आर. आय. नावाची महागडी तपासणी सांगितली. मुलींची लग्ने करून हाती शिल्लक काही उरली नव्हती. २०१३-१४ च्या हिवाळ्यात बारामतीस मॅरेथॉन शर्यत भरली. तीत ज्येष्ठांच्या गटासाठी तीन किलोमीटर अंतर होते आणि बक्षीस पाच हजार रुपयांचे होते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या व पहिल्या आल्या. पुढेही त्यांनी ती शर्यत जिंकली. नवीन देशबोइना ह्या दिग्दर्शकाने त्यांच्या जीवनावर त्यांच्याच नावाचा चित्रपट काढला, तो २०२० साली प्रदर्शित झाला; त्यात लताबाईंनी स्वतःच काम केले. २०२१ साली जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्या चित्रपटाचा विशेष उल्लेख झाला.

कोणी चिकित्सक म्हणेल की मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. तीन किलोमीटरांस ते नाव शोभत नाही. शोभत नसेल. पण जन्मभर दुसऱ्याच्या शेतात वाकून राबलेल्या, पायांत वहाण नसलेल्या आणि घरी आजारी माणूस निजवून आलेल्या बाईस तीन किलोमीटर किती लांब वाटतात, हे मोजपट्टीने ठरावयाचे नाही.

ही हकीकत ऐकून बहुतेकांच्या तोंडून प्रथम धन्योद्गार निघतात. केवढे हे धैर्य, केवढी ही निष्ठा! हे उद्गार खरे आहेत व ते काढण्यास हरकत नाही. तथापि टाळी वाजविणाऱ्यास काही खर्च येत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे. जरा थांबून असा विचार करावा: त्या शर्यतीत लताबाई दुसऱ्या आल्या असत्या, तर? भगवानरावांचे दुखणे तेच राहिले असते, लताबाईंचे प्रेम तेच राहिले असते, पायांस झालेल्या जखमाही त्याच राहिल्या असत्या. फक्त ते पाच हजार रुपये दुसऱ्या घरी गेले असते. आणि दुसऱ्या आलेल्या एखाद्या बाईच्या घरीही कोणी खाटेवर पडलेले नसेल असे कोणी सांगावे? पौलाने करिंथकरांस शर्यतीचा दाखला दिला तो त्यांच्या ओळखीचा होता, कारण त्यांच्या नगराजवळच इस्थमी खेळ भरत असत. परंतु त्या दाखल्याचा उपयोग त्याने अंगी संयम बाणविण्यासाठी केला. औषधपाणी कोणास मिळावे व कोणास मिळू नये, हे पायांच्या वेगावर ठरवावे, असे त्याने कोठेही शिकविले नाही. आपण मात्र लताबाईंचे कौतुक करिताना नकळत तेच मान्य करीत असतो. जी बाई धावू शकत नाही, जिचे गुडघे गेले आहेत, जिची हकीकत कोणाच्या कानी पडत नाही, तिच्याही नवऱ्याची तपासणी व्हावयास हवी की नको?

सरकारने ह्या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गरीब रुग्णांसाठी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झाली व २०१३ च्या नोव्हेंबरात ती सर्व राज्यास लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले ह्यांचे नाव देण्यात आले. तिच्या आधाराने पुष्कळांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. परंतु अशी योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतर उपयोगी पडते. दाखल होण्यापूर्वीचे हेलपाटे, गाडीभाडे, बुडालेली मजुरी, कागदपत्रांसाठी घालविलेले दिवस, हे सारे घरावरच पडते. आणि घरात दोनच म्हातारी माणसे असली म्हणजे ‘घर’ ह्या शब्दात फारसे बळ उरत नाही.

येथपर्यंत आपली एक चूक झाली: टाळी वाजवून घरी जाण्याची. दुसरी चूक हिच्या उलट आहे, आणि ती भली माणसे अधिक करितात. म्हातारे माणूस आजारी पडले की आपण त्याच्या हातातले सर्व काही काढून घेतो. खुरपे काढून घेतो, पैशाची पिशवी काढून घेतो, शेवटी डॉक्टरांशी बोलण्याचा हक्कही काढून घेतो. ‘तुम्ही नुसते पडून राहा’ असे प्रेमाने सांगतो आणि त्यास त्याच्याच घरात पाहुणा करून सोडतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल थोड्याच अंतराने दोन गोष्टी सांगतो. परस्परांची ओझी वाहण्यास तो सांगतो, आणि प्रत्येकास आपला भार आपणच वाहावा लागेल असेही सांगतो. वरवर हा विरोध दिसतो. मूळ ग्रीक भाषेत येथे शब्द मात्र दोन आहेत, बारोस आणि फोर्तिओन. पहिला दडपून टाकणाऱ्या जड ओझ्याचा, व दुसरा ज्याच्या त्याच्या पाठीवरच्या गाठोड्याचा, असा अर्थ पुष्कळ टीकाकार करितात. दगड खांद्यावरून उतरवावा. गाठोडे मात्र काढून घेऊ नये. सारी अडचण आहे ती ह्यांतले कोणते कोणते हे ओळखण्याची.

ह्याचे एक उदाहरण दौंड तालुक्यातच घडले आहे. पंडिता रमाबाईंचे तरुणपण चालण्यात गेले. १८७४ साली आईबाप वारल्यानंतर भाऊ श्रीनिवास ह्यासह त्या उपाशीतापाशी हजारो मैल पायी फिरल्या व १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. पण त्यांची खरी लांब दौड केडगावास, उतारवयात झाली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी हाती घेतले, आणि ते अनेक वर्षे चालले. कानांनी ऐकू येईनासे झाले होते, प्रकृती ढासळत होती. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तरी काम चालूच राहिले, कारण ते एकट्याने चालले नव्हते. मुक्तिसदनातल्या स्त्रिया खिळे जुळवीत होत्या, छपाई करीत होत्या, घर व शेत सांभाळीत होत्या. त्यांपैकी कित्येकींस दुष्काळातून रमाबाईंनीच आणिले होते. ‘आता पुरे, आपण विसावा घ्या’ असे म्हणून त्या स्त्रियांनी लेखणी काढून घेतली असती, तर ती दया ठरली असती काय? त्यांनी लेखणी रमाबाईंच्या हाती राहू दिली आणि बाकीचे सर्व आपल्याकडे घेतले. शेवटची मुद्रिते तपासण्याचे काम रमाबाईंनी मरणाच्या दारात पुरे केले व ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. सबंध ग्रंथ १९२४ साली छापून निघाला.

अशा मदतीचे मोल आता वैद्यकशास्त्रानेही मोजून पाहिले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व औषधोपचार घेतलेल्या ८८९ रुग्णांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. तीत बहुतेक रुग्ण कॅनडा व ऑस्ट्रेलिया ह्या देशांतले होते आणि मधले वय साठीच्या आसपासचे होते. निम्म्या रुग्णांस व्यायाम व आहार ह्यांचे महत्त्व सांगणारी पुस्तिका देण्यात आली. उरलेल्यांस तीन वर्षेपर्यंत एक जाणता मार्गदर्शक देण्यात आला. तो त्यांस वारंवार भेटे, चालणे वाढवी, खंड पडला तर विचारपूस करी. आठ वर्षांनंतर पुस्तिकावाल्यांत शंभरांपैकी सुमारे ८३ जिवंत होते, आणि सोबत्यासह चालणाऱ्यांत सुमारे ९०. चालणारे पाय रुग्णाचेच होते. प्रत्येक आजारास हा न्याय लागू पडेल असे नव्हे, व डॉक्टरांस विचारल्यावाचून कोणी धावत सुटू नये. परंतु आपण आजाऱ्याच्या घरी जाऊन जो उपदेश करितो, तो फार करून त्या पुस्तिकेच्या जातीचा असतो, एवढे तरी ह्यावरून कबूल करावे.

सोबत कशी द्यावी हे आपल्या मुलखास मुळीच ठाऊक नाही असेही नाही. दरवर्षी तुकाराममहाराजांची पालखी ह्याच दौंड तालुक्यातून यवत, वरवंड ह्या वाटेने जाते. यवतास गावकरी घरोघरच्या भाकऱ्या व पिठले गोळा करून हजारो वाटसरूंस जेवू घालतात. त्यांत पुष्कळ म्हातारी, दुखणाईत माणसे असतात. तुम्ही चालू नका, असे यवतकर त्यांस म्हणत नाहीत. नुसते हात जोडून बाजूसही उभे राहत नाहीत. चालणे ज्याचे त्याच्याकडे ठेवितात, भाकरी आपण देतात. धर्ममते निराळी असली तरी ही रीत पाहून शिकण्याजोगी आहे.

तेव्हा खेड्यातल्या मंडळीने करावयाचे काम फार मोठे नाही, पण ते नेमाने झाले पाहिजे. दौंडाकडच्या आजाऱ्यास पुण्यास ससून रुग्णालयात जावयाचे असले तर पहाटेची गाडी पकडावी लागते. शिरुरास आगगाडीच नाही, तेथे एस. टी. हाच आधार. बरोबर एक वाचता येणारे माणूस असावे. मागे घरी म्हैस पिळावयास कोणी हवे, बुडालेल्या मजुरीची थोडी भर कोणी घालावयास हवी, आणि हे पहिल्या आठवड्यात नव्हे तर चौथ्या-पाचव्या महिन्यात, जेव्हा भेटीस येणारे थांबलेले असतात, तेव्हा अधिक हवे. रविवारी उपासना आटोपल्यावर दहा मिनिटे बसून पाळ्यांची यादी करिता येईल. ती करिताना पहिला प्रश्न त्या आजाऱ्यासच विचारावा: कोणते काम तुम्ही सोडणार नाही? अंगण झाडणे असो, शेळीस चारा घालणे असो, की सकाळी कालव्यापर्यंत चालून येणे असो, तेवढे यादीतून गाळावे आणि मग उरलेल्या कामांपुढे नावे लिहावी.