वीराचा शब्द आणि राजाचे ऋण

अँग्लो-सॅक्सन वीरकाव्यातील नायकाचे गुण सांगणे अवघड नाही. बाहुबळ, दिलेला शब्द प्राणपणाने पाळण्याची वृत्ती, स्वामिनिष्ठा, मुक्तहस्ताने देणारे औदार्य आणि मरणोत्तर कीर्तीची आस हे गुण इंग्रजी वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात नोंदलेले आढळतात. अवघड आहे तो त्यांमागील नैतिक प्रश्न. जे गुण एका योद्ध्याला थोर ठरवतात, तेच गुण राजालाही थोर ठरवतात काय? स्वतःचे प्राण पणाला लावण्याचा अधिकार वीराला असतो. परंतु ज्यांच्या रक्षणाचा भार त्याच्यावर आहे, त्यांचे भवितव्य पणाला लावण्याचा अधिकार त्याला कोठून प्राप्त होतो?

या काव्यांची मूल्यव्यवस्था राजाच्या सभागृहात आकार घेते. राजा आपल्या सोबत्यांना सुवर्णाची कडी, शस्त्रे आणि भूमी देतो. सोबती रणांगणावर त्या दानाचे ऋण फेडतात. मेजवानीच्या वेळी सर्वांसमक्ष उच्चारलेली प्रतिज्ञा ही येथे पोकळ बढाई नसते. वक्ता तिने स्वतःस बांधून घेतो. इ. स. १०००च्या सुमारास लिहिलेल्या एकमेव हस्तलिखितात टिकून राहिलेल्या ‘बेओवुल्फ’ या ३१८२ ओळींच्या काव्यात तरुण बेओवुल्फ डॅनिश राजा ह्रोथगार याच्या सभेत असाच शब्द देतो. ग्रेंडेल हा राक्षस शस्त्र वापरत नाही, म्हणून आपणही तलवारीवाचून त्याच्याशी झुंजू, असे तो जाहीर करतो. या साहसात पणाला लागतो तो मुख्यतः त्याचा स्वतःचा देह. त्यामुळे त्याचे धैर्य आणि त्याची कीर्तिलालसा यांत विरोध जाणवत नाही.

मात्र विजयानंतर ह्रोथगार त्याला जो उपदेश करतो, त्याचा रोख वेगळा आहे. सामर्थ्य मिळालेल्या मनुष्याच्या अंतःकरणात अहंकार नकळत वाढतो आणि अखेर त्याचा घात करतो, असे हा वृद्ध राजा सांगतो. बेओवुल्फच्या ठायी विवेक नाही, असे नव्हे. स्वदेशी सिंहासन देऊ केले असता तो ते नाकारतो आणि बालराजा हेआर्ड्रेड याचा पाठीराखा होतो. पुढे राजा झाल्यावर तो ५० वर्षे गीट जनांचे पालन करतो. कसोटी येते ती वार्धक्यात. एका चोरलेल्या पात्रामुळे खवळलेला ड्रॅगन राज्य जाळू लागतो. बेओवुल्फ लोखंडी ढाल घडवून घेतो, पण सैन्य नेण्याचे नाकारतो. सोबत आलेल्यांनाही दूर थांबवून हे साहस आपले एकट्याचे आहे, असे बजावतो. तरुणपणीचाच हा बाणा. परंतु आता तो एकटा उरलेला नाही. त्याच्या मृत्यूबरोबर एका लोकसमूहाचा आधार नाहीसा होणार आहे. संकटात धावून जाणारा एकमेव सोबती विग्लाफ हाच नंतर शोक करताना म्हणतो, की एकाच्या इच्छेपायी अनेकांना दुःख भोगावे लागते. ही टीका भित्र्याची नसून निष्ठावंताची आहे, म्हणूनच ती टाळता येत नाही.

‘मॉल्डनची लढाई’ या काव्यात हाच प्रश्न इतिहासाच्या भूमीवर उभा राहतो. ९९१च्या ऑगस्टमध्ये एसेक्सच्या किनाऱ्यावर व्हायकिंग आक्रमकांसमोर सरदार बर्टनॉथ उभा होता. पाण्यातून जाणारी अरुंद वाट तीन योद्ध्यांनी रोखून धरली होती. तरीही बर्टनॉथने शत्रूला अलीकडे येऊ दिले. कवी त्याचे कारण ‘ओव्हरमोद’ असे देतो. या शब्दाचा अर्थ उद्दाम अभिमान की अतिरिक्त धैर्य, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. शत्रूला अडवून ठेवले असते तर तो जहाजांतून अन्यत्र लुटालूट करण्यास गेला असता, असा बर्टनॉथच्या बाजूचा युक्तिवादही विचारात घ्यावा लागतो. टॉल्किन यांनी १९५३ मध्ये मात्र हा दोषच मानला आणि काव्यातील खरी उदात्तता स्वामीपेक्षा त्याच्या अनुयायांत पाहिली.

हा भेद मर्मग्राही आहे. उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव मानणाऱ्या वाचकाला येथे वेगळाच अनुभव येतो. विजयाची आशा मावळल्यावरच या अनुयायांचे धैर्य उजळून निघते. स्वामी पडल्यावर काही जण पळतात. उरलेल्यांत सरदारपुत्रांबरोबर डुनर हा साधा कुणबीही ठाम उभा राहतो. त्यांच्या मरणात निष्ठेचे तेज आहे. परंतु निष्ठेने बांधलेल्यांना निवडीची मोकळीक नव्हती, आणि नेमकी हीच गोष्ट स्वामीची जबाबदारी वाढवते. ज्याच्या शब्दावर इतर जण मरण्यास सिद्ध असतात, त्याने आपला शब्द अधिक जपून उच्चारला पाहिजे. त्याच वर्षी इंग्रजांनी आक्रमकांना १०,००० पौंड खंडणी दिल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे.

या कवींचे मोठेपण असे, की त्यांनी नायकाचा गौरव आणि त्याच्या कृतीचा हिशेब यांपैकी काहीच वगळले नाही. बेओवुल्फच्या चितेपाशी एक गीट स्त्री येणाऱ्या आक्रमणांच्या आणि बंदिवासाच्या भयाने आक्रोश करते. तिने सभेत कोणती प्रतिज्ञा केली नव्हती, कोणाचे कडे स्वीकारले नव्हते. तरी पराक्रमाची किंमत तिलाही मोजावी लागणार आहे. प्राण देऊन मिळवलेले धन पुन्हा मातीत पुरले जाते आणि पूर्वीइतकेच निरुपयोगी ठरते. शेवटी सोबती राजाची स्तुती करतात. तो प्रजेशी सर्वांहून सौम्य आणि दयाळू होता, असे ते सांगतात. आणि काव्याच्या अखेरच्या शब्दात तो कीर्तीसाठी सर्वांहून उत्सुक होता, असेही सांगतात. प्रजेवरील माया आणि कीर्तीची ओढ हे दोन्ही गुण खरे आहेत. एका मनुष्यात ते सुखाने नांदू शकतात. मात्र त्यांतील एकच निवडण्याची वेळ येते, तेव्हा राजाने कोणता निवडला, यावर चितेपाशी रडणाऱ्या त्या स्त्रीचे उद्याचे जगणे अवलंबून असते.