बेसूर कोण?



आमच्या गावच्या सप्ताहात दरवर्षी एक वाद ठरलेला असतो. निम्मे म्हणतात, देवाला भाव पाहिजे, त्याला सुराचे काय? उरलेले म्हणतात, नैवेद्याची पोळी करपली तर आपण ती देवापुढे ठेवतो का? मग नाम तेवढे कसेही घेतलेले का चालावे? या दोन्ही बाजूंना मी बसून आलो आहे. तरुणपणी ६ वर्षे एका बुवांकडे शास्त्रीय गाणे शिकलो. गळा बेताचाच निघाला, म्हणून त्यांच्या मागे तंबोऱ्यावर राहिलो. पुढे दिंडीत आलो आणि गेली २२ वर्षे माझ्या गळ्यात वीणा आहे.

तंबोरा आणि वीणा ही एकाच घरची भावंडे. आमच्या भीमाकाठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, कडू भोपळ्याचे वेल लावतात. ते फळ खायच्या उपयोगाचे नाही. ते वेलावर पूर्ण जून होऊ देतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात आणि ते मिरजेला जाते. मिरजेच्या सतारमेकर मंडळींच्या हाताखालून त्याचा तंबोरा होतो, सतार होते, वीणाही होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एकाच वाफ्यातला एक भोपळा मैफलीत गवयाच्या पाठीमागे बसतो आणि दुसरा दिंडीत वारकऱ्याच्या गळ्यात चालतो. मैफलीत तंबोरा धरणाऱ्याचे नाव सहसा कोणी विचारत नाही. आपल्याकडे मात्र विणेकऱ्याच्या पायाला हात लावल्याशिवाय माणूस पुढे सरकत नाही, आणि सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकू देत नाहीत. दोघांचे काम मात्र एकच. चाल धरायची नाही, तान घ्यायची नाही. गाणाऱ्याला उभे राहायला जागा करून द्यायची.

तंबोऱ्याला चार तारा. बहुतेक वेळा पंचम, मधले दोन षड्ज आणि शेवटी खर्ज असा तो लावतात. रागात पंचम नसेल तर पहिली तार मध्यमाला किंवा निषादाला. या चारांत गंधाराची तार कुठेच नाही. पण घोडीवर तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकला, जवारी खुलली आणि चारही तारा एकमेकींना मिळाल्या, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एक तार केसभर उतरली तरी तो नाहीसा होतो. मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तंबोरा जुळवण्याबाबत फार काटेकोर होते. वाद्याची दुरुस्तीही त्यांना येई. माझे बुवा तर तास-तास खुंट्या पिळायला लावीत. हात घाईने खुंटीकडे गेला की रागावत. आधी ऐक, मग पीळ.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. भीमसेनजी वयाच्या ११व्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून निघून गेले, गावोगाव हिंडले आणि शेवटी घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी आले. पुढे राम फाटकांनी चाल दिलेला नामदेवरायांचा अभंग त्यांनी गायला, आणि त्यांच्या ‘संतवाणी’ला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. आपल्यातली काही जुनी मंडळी अजून म्हणतात, ते गायन, भजन नव्हे; तिथे टाळ्या पडतात, आपल्याकडे टाळ पडतो. मला हे कधी पटले नाही. कोवळ्या वयापासून ज्याने एका षड्जासाठी देह झिजवला, त्याच्या सेवेला कमी म्हणणारे आपण कोण? आणि ‘भाव आहे’ असे म्हणून जो वर्षानुवर्षे पट्टी सोडून ओरडतो, तो शेजारच्याचे ऐकायचे टाळतो, एवढेच. तोही अहंकारच, फक्त त्याला तालमीचे कष्ट पडलेले नसतात.

म्हणून माझा सिद्धांत ठरून गेला होता. जो ऐकतो तो सुरात, जो ऐकत नाही तो बेसूर; मग तो नामांकित गवई असो की साधा टाळकरी. पोरांना हे मी मोठ्या ऐटीत सांगत असे.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात संध्याकाळचा हरिपाठ चालला होता. चाल म्हणत होता गावातलाच, शहरात गाणे शिकून आलेला मुलगा. आवाज गोड, पट्टी पक्की. दुसऱ्या ओळीत आमचे एक आबा, वय ऐंशीच्या घरात. त्यांचा सूर भलतीकडेच चालला होता. मुलाने खूण केली, आबांच्या समोरचा माईक उचलला गेला. कोणी तरी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, “आबा, तुम्ही नुसता टाळ धरा.”

वीणा माझ्या गळ्यात होती. तिथे विणेकऱ्याच्या शब्दाला मान असतो. मी एक शब्द बोललो नाही. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. भजन स्वच्छ ऐकू येऊ लागले होते.

दुसऱ्या दिवशी आबा काकड्याला आले नाहीत. हरिपाठालाही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसले होते. मी बोलायला लागलो तर हाताने जवळ बोलावले, तोंड कानाशी न्यायला लावले. मग म्हणाले, “दोन वर्सं झाली बुवा, कानाला धड ऐकू येत न्हाई. मृदंग वाजला की भुईतनं पायाला कळतं, त्याच्यावर म्हणतो. सूर कुठं चाललाय ते मला कसं कळावं? कुणी सांगितलं असतं तर हळू म्हटलं असतं.”

दोन वर्षे. या दोन्ही वर्षांच्या वारीत ते माझ्यापासून हातभर अंतरावर चालले. मी हाक मारली आणि त्यांनी वळून पाहिले नाही, असे कितीदा तरी झाले होते. मला वाटे, म्हातारा हेकट झाला. सुराचा धडा मी गावभर देत होतो आणि शेजारचा माणूस बहिरा होतोय हे मला ऐकू आले नव्हते. त्या मुलाला तरी काय बोल लावायचा? त्याला हे मीच शिकवले होते.

मी माफी मागितली. आबा त्यावर काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “रातच्या पहाऱ्याला वीणा द्याल का?”

त्या रात्री दोन ते चारचा पहारा त्यांना दिला. तीनच्या सुमारास मी मंडपात गेलो. दोघे-तिघे पेंगत होते. आबा उभे होते, वीणेची दांडी गालाला लावून, डोळे मिटून. एक तार उतरली होती. मला पाहून त्यांनी विचारले, “उतरली का?” मी मान हलवली. त्यांनी वीणा गळ्यातून न काढता थोडी पुढे केली. मी खुंटी पिळत होतो तोवर त्यांनी भोपळ्यावर तळहात ठेवला होता. तार जागेवर आली तेव्हा मी सांगण्याआधीच ते म्हणाले, “हां, आता ऱ्हाऊ द्या.”

यंदा हरिपाठाला त्यांना मृदंगाच्या शेजारी बसवतो. भुईची थाप तिथे चांगली लागते.