निम्म्यावरची घसरण

मासा आपल्याला दिसतो तो जाळ्यात आल्यावर. म्हणजे समुद्रात किती मासे जिवंत आहेत याचा हिशेब आपण मेलेल्या माशांवरून मांडतो. मत्स्यगणिताची ताकद आणि धास्ती, दोन्ही इथूनच सुरू होतात.

व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ मध्ये माणसांच्या लोकसंख्येसाठी एक समीकरण मांडलं. संख्या थोडी असली की ती झपाट्याने वाढते, जागा आणि अन्न अपुरं पडू लागलं की वाढ मंदावते, आणि एका मर्यादेला थांबते. विसाव्या शतकाच्या मध्यावर मिलनर शेफर यांनी तेच मासेमारीला जोडलं. त्यातून निघालेला निष्कर्ष मोहात पाडणारा होता : साठा मर्यादेच्या निम्म्यावर ठेवा, तिथे वाढ सर्वाधिक असते, दरवर्षी तेवढी वाढ उचला, साठा आहे तिथेच राहील.

कागदावर करून पाहावं. समुद्राची मर्यादा १,००० टन, वाढीचा दर ०.४. साठा ५०० टन असताना वर्षाला १०० टनांची भर पडते. ९०० टन असताना ३६ टनांची. आणि १०० टन असताना? तीही ३६. भरलेला समुद्र आणि रिता होत आलेला समुद्र वर्षाअखेर सारखीच भर दाखवतात. नुसती भर पाहून आपण कोणत्या बाजूला आहोत ते कळत नाही.

आता दरवर्षी १०० टन पकडायचे असं ठरवून टाका. साठा ५५० टन असेल तर भर ९९ची. एक टन कमी होईल, आणि हळूहळू साठा ५००कडे येईल. पण एखाद्या वाईट वर्षाने तो ४५०वर आला, तर तिथेही भर ९९चीच. तीच एक टनाची तूट, फक्त आता उतार सुटलेला. ४००वर तूट चार टनांची, २००वर छत्तीसची. वरून येणाऱ्याला निम्म्याची रेषा धरून ठेवते. खाली गेलेल्याला ती काहीच मदत करत नाही.

ही घसरण सुरुवातीला दिसत नाही, हे तिचं सर्वांत वाईट लक्षण.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर हे घडलं. तिथल्या उत्तरी कॉड माशाची पकड १९६८ मध्ये ८ लाख टनांवर गेली होती, बहुतेक परदेशी ट्रॉलरची. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखली, परके ट्रॉलर बाहेर गेले, आणि समुद्र आता आपल्या गणिताने चालेल असा विश्वास निर्माण झाला. साठ्याचा अंदाज घेताना ट्रॉलरच्या दर तासाच्या पकडीवर बरीच भिस्त होती. ती पकड टिकून राहिली. कारण साठा घटत असताना उरलेला कॉड दाटीने गोळा होत होता, आणि त्याला हुडकणारी यंत्रं वर्षागणिक तीक्ष्ण होत होती. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासे धरणारे मात्र ऐंशीच्या दशकात सांगत होते की मासा कमी येतोय, लहान येतोय. त्यांचं म्हणणं समीकरणात घालायला रकाना नव्हता.

२ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी ही मासेमारी बंद केली. दोन वर्षांसाठी, असं त्या दिवशी सांगितलं गेलं. सुमारे तीस हजार माणसांचं काम गेलं. मी हा दोष व्हेरहुल्स्टच्या माथी मारणार नाही. वाढीला मर्यादा असते, एवढंच त्याने सांगितलं होतं. ती मर्यादा आपल्याला अचूक ठाऊक आहे, हा दावा नंतरच्यांचा.

शिवाय त्या समीकरणात मासा एकटा असतो. समुद्रात तो कधीच एकटा नसतो. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली, तेव्हा त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिसच्या बाजारांतल्या नोंदी तपासताना जीवशास्त्रज्ञ उंबर्तो दांकोना यांना दिसलं की शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं होतं. असं का, हा प्रश्न त्यांनी गणितज्ञ वितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला. व्होल्तेरांनी १९२६ मध्ये शिकारी आणि भक्ष्य यांना एकमेकांशी बांधणारी समीकरणं मांडली. माणसाचं जाळं थांबलं की त्याचा लाभ आधी शिकाऱ्याला होतो, हे त्यांतून निघालं. बाजारातल्या वह्यांतून एवढं मोठं सत्य निघू शकतं. वह्या नीट ठेवणाऱ्या त्या कारकुनांविषयी मला फार आदर वाटतो.

आणि समीकरणातला टन वय जाणत नाही. कॉडच्या डोक्यात कानाशी चुन्याचा एक छोटा खडा असतो. तो आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एक अपारदर्शक, एक पारदर्शी, असे पट्टे एकाबाहेर एक दिसतात. दोन पट्ट्यांचं एक वर्ष. मध्याजवळ ते रुंद असतात, कडेला इतके दाटतात की मोजताना नजर ताणावी लागते. ते दाटलेले पट्टे असलेली मोठी मादी एका हंगामात लाखोंनी अंडी घालते. पहिल्यांदाच अंड्यांवर आलेल्या लहान माद्या वजनाला तिच्याइतक्या भरल्या, तरी त्यांची अंडी तितकी जोमदार नसतात. जाळं मात्र आधी तिलाच नेतं. साठा टनांत सावरतो, वयात सावरायला त्याला कितीतरी जास्त वर्षं लागतात.

२०२३ मध्ये कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी कॉडचं मॉडेल सुधारलं, त्यात १९५४ पर्यंत मागची माहिती घेतली. नव्या हिशेबात धोक्याची रेषा खाली आली. तोवर गंभीर गणला जाणारा साठा सावधगिरीच्या गटात गेला. मासे वाढले नव्हते, रेषा सरकली होती. जून २०२४ मध्ये बंदी उठली आणि १८,००० टनांची परवानगी मिळाली.

नवी रेषा जुनीपेक्षा खरी असेलही. जास्त वर्षांची माहिती कमी वर्षांच्या माहितीपेक्षा भली. माझी हरकत ठोक आकड्याला आहे. आधीच्या उदाहरणात १०० टनांऐवजी साठ्याचा पाचवा हिस्सा घ्यायचं ठरवलं, तर ४०० टनांवर ८० टन पकडले जातात आणि ९६ची भर पडते. २००वर ४० पकडले जातात, ६४ची भर पडते. साठा आपोआप वर चढतो. मात्र त्यासाठी वाईट वर्षी होड्या अर्ध्या रिकाम्या परत येणं सोसावं लागतं, आणि मोजणीत ट्रॉलरच्या आकड्याइतकंच वजन किनाऱ्यावरच्या छोट्या होडीच्या नोंदीला द्यावं लागतं.