चाळिशीतलं म्हातारपण

बीड जिल्ह्यात माणूस म्हातारा कधी होतो, हे आधार कार्डावरच्या जन्मतारखेवरून सांगता येत नाही. देशातल्या उतारवयाचा 2017-18 मधला मोठा अभ्यास, ‘लासी’, वयाच्या 45 वर्षांपासून पुढच्यांची नोंद घेतो. धारूर, वडवणी, केजकडच्या ऊसतोड बाईच्या मागे मात्र तोवर बीपी, शुगर, कंबर आणि गुडघे अशी सगळी दुखणी लागलेली असू शकतात.

यामागचं एक कारण 2019 साली विधिमंडळापर्यंत पोचलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आकडा आला: जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. म्हणजे सहांत एक. चर्चा झाली ती शस्त्रक्रियेची, डॉक्टरांची, मुकादमाची. ती व्हायलाच हवी होती. पण ऑपरेशन एका दिवसात होतं आणि त्याचा भोग जन्मभर पुरतो. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती एकदम येते, हाडं वेळेआधी ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा शरीरानं पहाटे फडात उतरायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. दुखणी एकेकटी येत नाहीत, एक दुसऱ्याला हाताला धरून आणतं.

अशा घरातली औषधांची कॅरीबॅग एकदा उलटी करून बघावी. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, नाव नेमकं कापलेल्या भागात गेलेलं. बीपीची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातली, शुगरची तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातली, गुडघ्याची थेट मेडिकलवरून मागून आणलेली. यातली शेवटची रोज घेतली तर बीपी वाढवू शकते, मूत्रपिंडांवर ताण आणते. आणि मधुमेहानं मूत्रपिंडं आधीच धोक्यात असतात. बीपी उतरत नाही म्हणून मग त्याच्या गोळीचा डोस वाढतो. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतो, पण ही पिशवी सगळी एकदम कुणीच बघितलेली नसते.

‘नियमित गोळ्या घ्या, वेळेवर जेवा, आराम करा.’ सल्ला खरा आहे. पण दसरा-दिवाळीनंतर टोळी सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते, आणि गोळ्या मिळालेल्या असतात महिन्याच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल आधीच घेतलेली. दवाखान्यासाठी एक दिवस बसलं की खाडा. या बाईला निष्काळजी म्हणणं मला अन्याय वाटतो. ती हिशेब करते, आणि त्या हिशेबात तिचं शरीर नेहमी शेवटी येतं.

कारखान्यावर जाण्याआधी आणि आल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, अशी शिफारस गोऱ्हे समितीनं केली होती. ती मोलाची आहे, पण तपासणीत आजार फक्त सापडतो. ऑक्टोबरात सापडलेला बीपी पुढचे सहा महिने कोपीत कोण सांभाळणार? म्हणून माझं म्हणणं असं की निघताना बाईच्या हातात हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या आणि सगळ्या आजारांचा, सगळ्या औषधांचा एकच कागद असावा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यानं तो वाचून त्यावरच पुढचं लिहावं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय खास ग्रामीण भागासाठी उभं राहिलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरला हृदय आणि सांधे वेगवेगळ्या खोल्यांत शिकवले जाणार, त्याला इलाज नाही. पण एक संपूर्ण बाई समोर बसवून, तिच्या चार दुखण्यांतलं आज कुठलं आधी आणि कुठली गोळी बंद करायची, हे ठरवायलाही त्यानं तिथेच शिकायला हवं.

आणि गावात मागे राहिलेले? ज्यांच्या हातून कोयता सुटला ते आजी-आजोबा हंगामभर नातवंडं सांभाळतात, जनावरं बघतात. त्यांनाही बीपी-शुगर असते आणि दवाखाना एसटीच्या अंतरावर. त्यांच्या गोळ्या दर महिन्याला घरपोच मिळाव्यात. आशाताई तशीही त्या गल्लीतून जात असते. तिच्या पिशवीत गोळ्या आणि मानधनात या कामाचे पैसे, दोन्ही घालायला हवेत.