खाटेवरचा खाष्ट म्हातारा

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने शासकीय रुग्णालयांत वृद्धांना शक्यतो खाट मिळावी, असे सांगितले. त्या खाटेशी त्यांचे हात बांधावेत काय, हा प्रश्न आपल्याकडे उरतो.

गोंदियाच्या खेड्यातला, गोंडी किंवा पोवारी बोलणारा म्हातारा रात्री सलाईन उपटतो, शिव्या देतो. आपण त्याला खाष्ट ठरवून मोकळे होतो. पुष्कळदा तो स्वभाव नसतोच. तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग किंवा एखाद्या औषधाने आलेला भ्रम असतो. चष्मा परत दिला, घरच्या बोलीत कोणी हाक मारली, तरी काही जण निवळतात.

पण माणूस खरोखरच दुष्ट असेल तर? शुश्रूषा हे सद्वर्तनाचे बक्षीस नव्हे, असे मी मानतो. मात्र ती सारी सहनशीलता रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेकडून मागायची आणि तिला मदतनीस द्यायचा नाही, यालाही आपण सेवाच म्हणावे काय?