पडलेल्या झाडाचा न्याय

एखादा माणूस व्यसनात गेला, कर्जात बुडाला किंवा त्याने गळ्यातली माळ उतरवली, की आपण चटकन म्हणतो, "ताठा होता, म्हणून मोडला." आणि तुकोबारायांनी दिलेला पुरातल्या झाडांचा व लव्हाळ्यांचा दाखला पुढे करतो. पण तो दाखला स्वतःला लावायचा की दुसऱ्याला?

युरोपात स्लोव्हाकिया देशात तात्रा पर्वत आहे. १९ नोव्हेंबर २००४ रोजी तेथे वादळ झाले आणि सुमारे १२,००० हेक्टर जंगल काही तासांत आडवे झाले. वारा उत्तरेकडून आला. पडझड मात्र दक्षिण उतारावर, म्हणजे डोंगराच्या आडोशाला झाली. माथा ओलांडून खाली उतरताना वाऱ्याचा वेग वाढला होता. जिथे आसरा मानावा तिथेच घाव बसला. त्यात झाडे बहुतेक उथळ मुळांची, स्प्रूस जातीची.

डोंगरातल्या झाडांचे असेच असते. खिंडीत वारा कोंडतो आणि जोर धरतो. खडकावरच्या पातळ मातीत मुळे खोल जात नाहीत. भिजून मऊ झालेल्या मातीत त्यांची पकड सुटते. रानाच्या कडेचे झाड लहानपणापासून वारा सोसते, म्हणून त्याचा बुंधा जाड होतो. दाटीत वाढलेले झाड उंच आणि सडपातळ राहते. शेजारची झाडे तोडली की पुढच्या वादळात तेच आधी पडते. यात त्याचा गर्व कोणता?

मग सारा दोष उताराचाच का? नाही. काही झाडे आतून पोखरलेलीही असतात. पण पोकळी बाहेरून दिसत नाही. माझ्या आतली कीड मी शोधू शकतो. दुसऱ्याची मला ठाऊक नसते. म्हणून लव्हाळ्याचा दाखला स्वतःसाठी ठेवावा. दुसऱ्याबद्दल एवढेच विचारावे, की तो कोणत्या उतारावर उभा होता आणि त्याच्या भोवतीची झाडे कोणी तोडली? कधी त्यातले एखादे आपणच तोडलेले निघते.

दिवे घाट चढताना कोणी माउली मागे पडली, तर आपण तिची भक्ती मोजत नाही; तिच्या खांद्यावरची पिशवी घेतो. गावी परतल्यावर हा धर्म का सुटावा?

रामकृष्णहरी.