न घडलेल्या अपघाताची नोंद

मेढ्याच्या एसटी आगारातून पहाटे सुटलेली गाडी केळघर घाट चढून महाबळेश्वरला सुखरूप पोचते, तेव्हा त्याची बातमी होत नाही. चांगल्या कामाची अडचण हीच. ते नीट झाले की दिसेनासे होते, चुकले की मेमो हातात पडतो. म्हणूनच वर्षानुवर्षे विनाअपघात सेवा देणाऱ्या चालकांचा एसटी महामंडळ गौरव करते, ही प्रथा मला फार मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, शाल-श्रीफळाने घर चालत नाही. खरे आहे. पगार थकवून केलेला सत्कार कामगाराला अपमानच वाटणार. रास्त मोबदला आधी. पण नुसत्या पगाराने माणूस संस्थेचा होतो असेही नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी राखणीची जबाबदारी सोपवली. तिथे हारतुरे नव्हते, विश्वास होता. आणि गौरवाचा याहून भरीव प्रकार मला माहीत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कौतुक साहेबांच्या मर्जीतल्यांचेच होते. त्यावर उपाय सत्कार बंद करणे नव्हे, निकष उघड ठेवणे. अपघाताविना गेलेली वर्षे कुणालाही मोजता येतात. मात्र त्याच गाडीचे ब्रेक रात्री तपासणारा मेकॅनिक प्रवाशांना कधीच दिसत नाही. सुखरूप फेरीत त्याचाही वाटा असतो, आणि आगाराच्या फलकावर चालकाच्या नावाशेजारी त्याचे नाव लिहायला एक खडू पुरतो.